दारावरचं नवं

नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधायचा दिवस, आणि वासंतीला शेतात धड एक लोंबी मिळेना. दसरा उलटला तरी पाऊस रुसलेल्या जावयासारखा ठाण मांडून होता. आडव्या पडलेल्या भाताला शेतातच कोंब फुटले होते.

"बांधलंस गो नवं?" अंथरुणाला खिळलेले सासरे सकाळपासून विचारत होते.

शेवटी तिने दारावरची गेल्या वर्षीची जुडी उतरवली, कोळिष्टकं झटकली, आंब्याचं ताजं पान खोचलं. "हे बघा आप्पा, आत्ताच आणलं."

आप्पांनी जुडी डोळ्यांना लावली. मग त्यांची बोटं दोऱ्यावर थांबली. त्यांच्याच पंच्याची दशी होती ती, गाठही त्यांचीच.

वासंतीची मान खाली गेली.

"घट्ट बांध गो," ते हळूच म्हणाले. "पुढच्या सालीही हेच पुरवायला लागेल."