अनावरण
शुगरमुळे सडू लागलेल्या माझ्या पायावर डॉक्टरांनी हिरव्या शेवाळाची पट्टी लावली होती. दिव्याच्या उजेडात ते जखमेला ऑक्सिजन देतं. पट्टीत बुडबुडे दिसतात. अंधारात मात्र जखमेचाच ऑक्सिजन खातं. आज या उपचाराचं उद्घाटन होतं. सिस्टरना गुच्छ देऊन फाटकावर उभं केलं आणि अधीक्षकांनी माझ्या टांगलेल्या पायावर जाड मखमल टाकली. "अहो, त्याला उजेड लागतो!" मी ओरडलो. "पाहुण्यांच्या हस्ते अनावरण आहे, आजोबा. जरा कळ काढा." "कळ मी काढीन हो, शेवाळानं कशी काढायची?" पाहुणे तीन तास उशिरा आले. त्यांच्यामागून सिस्टर आल्या, मखमल पाहून भडकल्या आणि पाहुण्यांआधीच त्यांनी ती ओढून काढली. पट्टीत एकही बुडबुडा नव्हता. तरीही टाळ्या पडल्या. सिस्टरनी मखमल अधीक्षकांच्या हातात कोंबली. "ही ठेवा जवळ. तोंड लपवायला लागेल."