ऑक्टोबरची तारीख

सकाळी दहाला इस्पितळातून फोन आला. बायको लॉरेन गेली. आल्सीड पेलकीने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून राहिला. तासाभराने फोन पुन्हा वाजला.

"लॉरेनबाई आहेत का? शेगडीच्या दुकानातून डेलबर्ट बोलतोय. पुढच्या गुरुवारी बसवायला येतो म्हणावं."

"कसली शेगडी?"

"त्यांना माहीत आहे."

"ती नाही," एवढंच बोलून आल्सीडने फोन ठेवला.

दफनाच्या दिवशीही त्याच्या डोक्यातून ती शेगडी गेली नाही. त्याला संशय होता, आणि तो आजचा नव्हता.

यंदा मे महिन्यात ओंडक्यांचा ट्रक आला नव्हता. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. मेमध्ये ओंडके फोडून वाळत घातले, तरच ऑक्टोबरपासून जळतात. बटाटे काढायच्या यंत्रात आल्सीडचा उजवा हात कोपरापासून गेला होता, त्यामुळे फोडायला दोघं लागायची. लॉरेन ओंडका धरायची, तो डाव्या हाताने ओंडके फोडायच्या यंत्राचा दांडा ओढायचा. ट्रकवाल्याला फोन तीच करायची. या वेळी तिने केला नाही. विचारलं तर म्हणाली, "बघू."

जळण नाही, तर या घरात हिवाळा काढता येत नाही. मुलगी क्लोडेट दोन वर्षं मागे लागली होती, की घर विका आणि शहरातल्या वृद्धाश्रमात खोली घ्या. आता आईही तिला सामील झाली, असं आल्सीडने धरून टाकलं. "घराबरोबर मलाही विकून टाक," तो लॉरेनला म्हणाला. तिने टेबल पुसायला घेतलं. उन्हाळाभर तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. ऑगस्टमध्ये तिचा आजार कळला तेव्हा इलाज उरला नव्हता. मग ती इस्पितळात, आणि बहुतेक वेळ गुंगीत.

गुरुवारी डेलबर्टची गाडी दाराशी लागली. आल्सीड उंबऱ्यात आडवा उभा राहिला.

"कोणी बोलावलं तुला?"

"ऑर्डर आहे, मिस्टर पेलकी. शेकोटीच्या कोनाड्यात बसते. लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालते. ओंडके नकोत, कुऱ्हाड नको."

"पप्पा, मी नाही बोलावलं," दफनापासून घरीच थांबलेली क्लोडेट मागून म्हणाली.

"मग कुत्र्याने बोलावलं असेल. विकायचं घर नटवतात, कळतं मला."

"त्याला आत तरी येऊ द्या. दार उघडं टाकून सगळी ऊब घालवाल."

"कसली ऊब? आहे कुठे ऊब या घरात?"

पण तो बाजूला झाला.

डेलबर्टने कोनाड्यातली जुनी लोखंडी झडप काढली. छपरावर चढून धुराड्यातून स्टीलची नळी खाली सोडली. आल्सीड खुर्ची ओढून त्याच्या पाठीशी बसला आणि एकेक स्क्रू बघत राहिला.

"या नळीला पुढे गळती लागली, तर तू सापडणार आहेस का?"

"माझी आई तुमच्या चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर बसते. तिला सांगा, ती कान धरून आणेल."

क्लोडेट हसली. आल्सीड हसला नाही.

दुपारपर्यंत शेगडी कोनाड्यात सरकवून झाली. बाहेर नुसतं काचेचं दार आणि वर गोळ्यांची पेटी दिसत होती. डेलबर्टने एक पिशवी आणून ठेवली, तिचं तोंड कापलं आणि आल्सीडच्या हातात पत्र्याचा डबा दिला.

"भरा."

"मी कशाला? तू भर की."

"तुम्हीच भरायचं. लॉरेनबाईंनी मला बजावलंय, त्याच्याकडून भरून घेतल्याशिवाय निघायचं नाही."

आल्सीडने डबा घेतला, पण हलला नाही.

"दुकानात त्यांनी स्वतः करून पाहिलं होतं," डेलबर्ट म्हणाला. "उजवा हात कोटाच्या खिशात घातला आणि डाव्या हाताने पिशवी उचलायला गेल्या. अठरा किलो. नाही जमलं. मग डब्याने भरून पाहिलं. तीन शेगड्या नापास केल्या, पेटी उंच म्हणून. हिला हात पुरला. गोळ्या सांडल्या खूप. माझ्या मालकाने झाडू मागितला, तर म्हणाल्या, मी झाडते."

"कधीची गोष्ट ही?"

"मार्चमधली."

"मार्च?" क्लोडेट म्हणाली. "आम्हाला तर तिचा आजार ऑगस्टमध्ये कळला."

आल्सीड डेलबर्टकडे रोखून बघत होता. "मार्चमध्ये घेतली, तर मग उन्हाळ्यात का नाही आलास?"

डेलबर्टने स्क्रूड्रायव्हर पुसला आणि हत्यारांच्या पेटीत ठेवला.

"मी म्हटलं होतं, जूनमध्ये मोकळा आहे. त्या म्हणाल्या, 'मी ओंडका धरायला आहे तोवर तो ही शेगडी घरात घेणार नाही. ऑक्टोबर लिहा.'"

मग आल्सीड उठला. डाव्या हाताने डबा पिशवीत घातला, वर उचलला आणि पेटीत रिता केला. सात डबे झाले. चारदोन गोळ्या खाली पडल्या. डेलबर्टने कळ दाबली. काचेमागे आधी धूर आला, मग जाळ धरला.

क्लोडेटने वृद्धाश्रमाचं नाव पुन्हा काढलं नाही. घर आता सकाळी उठल्यावरही उबदार असतं.

मार्चपासून ऑगस्टपर्यंत लॉरेन रोज तिन्ही वेळा त्याच्यासमोर जेवायला बसत होती. तुला बरं नाही का, एवढं विचारायचं राहिलं.