न झोंबणारा शाम्पू

पहिली नात जन्मली त्या वर्षीची गोष्ट. बाळंतिणीला एवढ्यात काही कळू द्यायचं नाही, असं तिच्या आईवडिलांनी ठरवलं होतं. आई मुकाट्याने कामं उरकायची; तिला रडूच येत नव्हतं. वडील मात्र रोज लाल डोळ्यांनी न्हाणीघरातून बाहेर यायचे आणि म्हणायचे, "शाम्पू गेला."

लेकीने बाळाची बाटली पुढे केली. "बाबा, हा लावा. अजिबात झोंबत नाही."

"आता टकलाला बाळसं आणतेस काय!" असं म्हणत ते बाटली घेऊन आत गेले.

बाहेर आले ते तसेच लाल डोळे घेऊन.

"बाबा, आता काय झालं?"

दुपट्याची घडी घालता घालता आई म्हणाली, "म्हाताऱ्या डोळ्यांना तोही झोंबतो गं."

लेकीचा परगावी राहणारा थोरला भाऊ, नात जन्मली त्याच्या आदल्या दिवशी अपघातात गेला होता.