पळसाच्या पानांचा बाप

भगवंतराव ओंकारेश्वराला निघाले त्या सकाळी चांगुणानं त्यांना भाकरी बांधून दिली. सोबत उकंडराव होते. दोघंही गॅस सिलिंडरचे विक्रेते. मेहकर भगवंतरावांचं, धामणगाव बढे उकंडरावांचं. एकानं दुसऱ्याच्या भागात गाडी न्यायची नाही आणि सरकारी भावावर किती चढवायचं ते दोघांनी मिळून ठरवायचं, असा त्यांचा करार. अमडापूरचा विक्रेता दयाराम सरकारी भावावर एक पैसा जास्त घेईना, तेव्हा दोघांनी वजन वापरून डेपोतून त्याचा माल बंद करवला.

"दयारामच्या दुकानाले कुलूप लागलं म्हणे, बाबा," चांगुणा म्हणाली.

"मंग? त्याले कोनं सांगतलं होतं दानशूर व्हाले?" उकंडराव हसले.

भगवंतरावांनी भाकरीचं फडकं पिशवीत ठेवलं. "मुंबईहून चौकशीचा साहेब येऊन राह्यला. तू तोंड उघडू नको, पोरी."

तिनं उघडलं नाही. तिच्या ओळखीचे बाबा त्या सकाळी गेले ते गेलेच.

उकंडराव एकटे परतले, हातात बाबांचं धोतर आणि सदरा घेऊन. नर्मदेत पाय घसरला, देह काही सापडला नाही, असं त्यांनी सांगितलं. मग भटजींनी पळसाच्या पानांचा माणूस केला, त्याला नारळाचं डोकं लावलं. चुलतभावानं अग्नी दिला. चांगुणा लांब उभी राहून बघत होती. पानं तडतडत जळली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, म्हणून बायका कुजबुजल्या.

त्यानंतर घर खायला उठलं. वाचनालयातून आणलेली पुस्तकं उशाशी तशीच पडून राहिली. एका पानावरून नजर पुढे सरकेना. जेवणाच्या वेळी ती बाबांचं ताट वाढी आणि माळ्याच्या शिडीवर ठेवी. थोड्या वेळानं ताट रिकामं असे. कधी वरची फळी करकरे. शेजारच्या बनाबाईनं ते एकदा ऐकलं आणि हात जोडले.

"जीव अटकला वं तुह्या बापाचा. काही बोलाचं राह्यलं असंन त्याचं."

"त्यांचं नाही, मावशी. माहं."

चौकशीचे साहेब भरदुपारी आले. दयारामही त्यांच्यासोबत होता. उकंडराव आधीच येऊन बसले होते. त्यांनी शांतपणे जबाब दिला: भाव भगवंतरावांनी ठरवला, दयारामचा माल त्यांनीच अडवला, आपण फक्त मान हलवली.

"यांच्याविरुद्ध कागद नाही आणि मेलेल्या माणसावर कारवाई होत नाही," साहेब म्हणाले. "प्रकरण मिटवावं लागेल."

दयाराम उठला.

"बस बे, चहा तं पे," उकंडराव म्हणाले. "दुखाच्या घरून असं उठून जात नाही."

दयारामनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तो चांगुणापुढे येऊन उभा राहिला. सदऱ्याची कॉलर विरलेली होती.

"ताई, दुकान माहं गेलं, ते गेलं. पन तुमचा बाप गेला, हे वाईट झालं. माह्या मनात आता काही नाही."

चांगुणाला त्याच्या तोंडाकडे बघवेना. साहेब फाईल बांधू लागले.

"प्रकरण मिटवू नका, साहेब," ती म्हणाली. "बाबा जिते हायेत. वर जेवून राह्यले."