लीजची मुदत संपताना

“मी आमोस. गाडी बघायला आलोय,” फाटकाशी उभा असलेला माणूस म्हणाला आणि हर्षलचा जीव भांड्यात पडला. लीज कंपनीचा माणूस दुपारी येणार होता, हा अकरालाच हजर. गाडीची ब्याद जितकी लवकर जाईल तितकी बरी.

तीन वर्षांपूर्वी ही गाडी आणली तेव्हा राहात्यात माणसं थांबून बघायची. दिसायला साधी हॅचबॅक, पण पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची. असली गाडी अख्ख्या जिल्ह्यात दोन-तीनच. विकत घ्यायची ऐपत नव्हती म्हणून लीजवर घेतली. पेट्रोल भारीतलंच लागायचं, सर्व्हिसिंगला थेट पुणं गाठायचं आणि प्रत्येक गतिरोधकावर पोट घासू नये म्हणून गाडी तिरकी घालायची. एवढे लाड त्यानं स्वतःच्या आईचेही केले नव्हते. मुदत या महिन्यात संपत होती.

आणि तीन आठवड्यांपूर्वी घोडेगावच्या रस्त्यावर ते झालं.

दिवेलागणीची वेळ होती. शेतातल्या रस्त्यावरून एक स्कूटी मुख्य रस्त्यावर आली, धाडकन आवाज झाला आणि हर्षल थांबला नाही. तिसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या, अज्ञात वाहनाच्या धडकेत तरुणी ठार. नाव वाचायच्या आत त्यानं पान उलटलं. घरी सांगितलं, शुक्रवारच्या बाजारातलं वासरू आडवं आलं. आता तपासणी पार पडली की गाडी पुण्याला जाणार, तिथून लिलावात कुठल्या तरी परक्या गावाला. मग कुणाच्या बापाला काही कळणार नव्हतं.

“घर सापडायला त्रास नाही ना झाला?” त्यानं विचारलं.

“नगरच्या गॅरेजवाल्यानं पत्ता दिला. बंपर बदलला त्यानं.”

कंपनीवाले गॅरेजपर्यंत पोचले होते! पण बंपर बदलल्याचं हर्षलनं आपणहून फोनवर कळवलं होतं, तेच शहाणपणाचं ठरलं. लपवलेली दुरुस्ती नंतर उघडकीला आली, की कंपनी गाडी अडकवून ठेवते आणि चौकशी लावते.

आमोस साठीकडे झुकलेले होते. खांद्याला कापडी पिशवी, चपला धुळीनं माखलेल्या. बोलणं गावाकडचं. पुण्याच्या एखाद्या टायवाल्या पोरापेक्षा हा माणूस बरा, सांभाळून घेईल, असं हर्षलला वाटलं.

त्यानं गाडीवरचं कव्हर काढलं आणि मोबाईलवर कंपनीची यादी उघडून स्वतःच वाचायला सुरुवात केली. “टायर बघा, गेल्या दिवाळीत चारही बदललेत. किलोमीटर मर्यादेच्या आत हायेत. दुसरी चावी ही. सीटवर डाग नाही.”

आमोस टायरपाशी वाकले नाहीत. चावीही त्यांनी घेतली नाही. ते गाडीच्या तोंडापुढे उभे राहिले आणि बॉनेटवर हात ठेवला. बराच वेळ हात तसाच होता.

“किती जोरात हुती?”

“शंभर असेल. म्हणजे... थोडी जास्त.”

“धडक बसल्यावर थांबला हुता का?”

हा प्रश्न यादीत नव्हता. पण ठोकर बसलेली गाडी तशीच पळवली तर इंजिनाची वाट लागते, त्यासाठीच विचारत असणार.

“न्हाई, सरळ घरी आलो. पण इंजिनला काही झालं नाही, साहेब. चालवून बघा ना.”

“नगं.”

तेवढ्यात हर्षलची आई, मनकर्णाबाई, चहा घेऊन आली. “घ्या, लई लांबनं आलाय. मी याला रोज बोलती बघा. मुकं जनावर, उतरून बघायचं तरी व्हतं. कुनाचं तरी आसंलच ना ते.”

“व्हय,” आमोस म्हणाले. “कुनाचं तरी आसतंच.”

त्यांनी कप हातात घेतला आणि कट्ट्यावर ठेवून दिला. हर्षलनं डोळे वटारले तशी मनकर्णाबाई आत गेली. म्हातारीला कुठं काय बोलावं याचं भान नव्हतं.

“जुना बंपर कुठाय?” आमोसांनी विचारलं.

याच प्रश्नाची हर्षल वाट बघत होता. तो बंपर पहिल्याच दिवशी जाळून टाकायचं त्याच्या मनात आलं होतं. पण कंपनीच्या बाईनं फोनवर बजावलं होतं, जुना पार्ट दाखवला तरच दुरुस्ती मंजूर होईल. म्हणून त्यानं तो तीनदा धुऊन शेडमध्ये खताच्या गोण्यांमागे ठेवला होता. आता तो ओढत बाहेर आणला आणि फरशीवर टाकला. एका कोपऱ्याचा तळहाताएवढा टवका उडालेला होता.

“बघा, काहीच लपवलं नाही. आता सही तेवढी करून टाका,” तो म्हणाला. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्याला भूक लागल्यासारखं वाटत होतं.

खिशातला मोबाईल वाजला. नंबर अनोळखी होता.

“हर्षल सर, लीज कंपनीतून बोलतोय. गाडीच्या तपासणीला आज यायला जमत नाही. उद्या सकाळी आलो तर चालेल का?”

हर्षल वळला. आमोस बंपरपाशी उकिडवे बसले होते. पिशवीतून काळ्या प्लास्टिकचा एक तुकडा काढून त्यांनी तुटक्या कोपऱ्याला लावला. तो जरासुद्धा फट न राहता बसला.

“तासभर जित्ती हुती माजी पोरगी,” ते म्हणाले.