पंखा चालू होता

कॉम्प्युटरचा पडदा काळाच राहिला. डाव्या कोपऱ्यात एक बारीक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत होती.

"कालपासून असोच आसा, बाय," राखणदार कृष्णनाथ म्हणाला. "मी बंद करूक नाय. आतलो पंखो चालू आसा, म्हटलंय जीव आसा अजून."

सुविधा डिचोलीहून दुरुस्तीला आली होती. उद्या गणपतीची चवथ, त्यामुळे बंद खाणीच्या त्या ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं. खिडकीसमोर डंप होता, खाणीतून उपसलेल्या तांबड्या मातीचा डोंगर, आता वर गवत माजलेला. त्याच्या पायथ्याशी माडांत कृष्णनाथचं घर, आणि घरात त्याची बायको आनंदी. डंपात जागोजागी पुरलेली यंत्रं माती किती सरकली ते या कॉम्प्युटरला कळवत. फार सरकली की पडद्यावर लाल चौकोन यायचा. तो दिसला की कृष्णनाथनं खाली वाड्यावर फोन करायचा. त्याला ठेवला होता तो एवढ्यासाठीच.

मॅनेजरला मात्र पाहुण्यांपुढे डंपाचा रंगीत नकाशा गरगर फिरवून दाखवायची हौस. नकाशा अडखळत होता, म्हणून त्यानं काल कुणाकडून तरी पडद्यावर चित्र उमटवणारा नवा प्रोग्राम, ग्राफिक्स ड्रायव्हर, घालून घेतला. पडदा गेला. 'ते लिनक्स का काय, चवथीनंतर बघू,' असं सांगून साहेब गणपतीला गावी गेले. त्यांचं गाव डंपाखाली नव्हतं. कृष्णनाथला काही चैन पडेना, म्हणून त्यानंच सुविधाला बोलावलं.

तिनं मशीन बंद करून दुरुस्तीपुरतं, रिकव्हरीत, चालू केलं. काळ्यावर पांढरी अक्षरं धावू लागली. नवा ड्रायव्हर तिनं काढून टाकला आणि जुना परत घातला.

"लाल चौकोन काय इलो नाय," कृष्णनाथ म्हणाला. "म्हणजे सगळा बरा आसा. ह्यां झाला काय मी जातंय. गणपतीवर माटोळी बांधूची आसा, फळां सगळी तशीच पडली हत."

मशीन परत सुरू झालं. पडदा उजळला, नकाशा आला. तळाची सगळी ओळ लाल चौकोनांनी भरली होती.

यंत्रंच बिघडली असतील, असं सुविधाला आधी वाटलं. मग तिनं मागच्या नोंदी उघडल्या. कॉम्प्युटर बंद पडलाच नव्हता. रात्रभर तो काम करत होता. माती सरकेल तसं लिहून ठेवत होता, लाल चौकोन दाखवत होता.

"मामा, हे रातीपासून आसत."

"रातीपासून? पण पडदो काळो होतो मगो!"

"पडदोच काळो होतो. बाकी सगळा चालू होता."

तळाच्या ओळीतलं एक यंत्र तर उत्तरच देत नव्हतं. तिनं त्यावर बोट ठेवलं. "ह्यां खंय आसा?"

कृष्णनाथनं चष्मा वर सारून पाहिलं. "आमच्या घरामागल्या परड्यात. बावीच्या जरा वयर."

बोलता बोलताच त्यानं घरी फोन लावला. बराच वेळ रिंग वाजत राहिली. सुविधा खिडकीकडे गेली. डंप होता तिथंच होता, त्यावर दोन गुरं चरत होती. तिला भयंकर भीती वाटली.

शेवटी फोन उचलला गेला. कृष्णनाथनं तोंड उघडलं, पण आनंदीनं त्याला बोलूच दिलं नाही.

"बरा झाला तुमीच फोन केलात," ती म्हणाली. "बावीचा पाणी सकाळपासून तांबडा येता. नैवेद्य कशात शिजवू उद्या? मी हयच बावीकडे बसलंय, निवळता काय बघीत."