पत्र्यापलीकडचा चहा

पत्र्याच्या पलीकडं, थोरल्या जावेकडं, कपबशी वाजली आणि आरतीनं चमकून मान वळवली.

पाळणाघराच्या मॅडम प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मोबाईलमध्ये माहिती भरत होत्या. आरतीची चार वर्षांची सृष्टी त्यांच्या पर्सची चेन निरखत होती. मॅडम आल्या आल्या आरती म्हणाली होती, "चहा टाकते." त्यांनी हात हलवला होता, "नको हं, आम्हाला कुणाकडं काही घ्यायचं नसतं." म्हणून गॅस बंद होता. भांड्याचा आवाज नव्हता. आणि पत्र्यापलीकडं नेमकं तेवढंच ऐकू गेलं होतं.

सगळं अडलं होतं रेशनकार्डापाशी. दोघा भावांचं कार्ड अजून एकच, त्यामुळं उत्पन्नाच्या दाखल्यात थोरल्या दिरांचा, भिमाजींचा, कारखान्यातला पगारही धरला गेला. झालं, सृष्टीची पाळणाघरातली सवलतीची जागा गेली. आरतीचा नवरा रामहरी दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर, आज काम तर उद्या नाही. आरती घोडेगावच्या मार्केटला कांदा निवडायला जायची, पोरीला गोण्यांच्या आडोशाला बसवून. मागच्या आठवड्यात एक टेम्पो मागं येत होता. हमालानं ओरडून सृष्टीला उचलली, नाहीतर आरतीला पुढचा विचारही करवत नव्हता. मग तिनं पाळणाघराच्या संस्थेत चकरा मारल्या, हातापाया पडली, तेव्हा ते एवढं म्हणाले, की घरी येऊन बघू. चूल खरंच वेगळी असेल, तर तुमच्या दोघांचंच उत्पन्न धरू.

चूल वेगळीच होती. दिवाळीनंतर मध्ये पत्रा ठोकला, भांडी वाटली, सहा कपांतले तीन इकडं आले, तीन तिकडं गेले. खोटं काहीच नव्हतं. तरी सकाळी तिनं थोरल्या जावेला बजावलं होतं, "अक्का, आज मॅडम येनार हायेत. तेवढा येळ इकडं येऊ नका."

"मी कशाला मरायला येती?" पुष्पावती म्हणाली होती.

आणि आता ती ताटलीत दोन कप घेऊन दारात उभी होती.

"घ्या मॅडम."

"अहो, मी यांना नको म्हटलं होतं."

"तुमी म्हननारच. पर घरी आलेलं मानूस बिनचहाचं जातं व्हय? लोक आमाला नावं ठिवत्याल."

मॅडमचा अंगठा मोबाईलवर थांबला. "आम्हाला म्हणजे? तुम्ही वेगळ्या राहता ना?"

"वेगळ्याच की. चूल वेगळी हाय. पाव्हणं थोडंच वेगळं असतंय?"

आरतीनं डोळे मोठे केले. पुष्पावतीला ते दिसले, पण उशिरा.

मॅडमनी हातातला कप पाहिला. मग मांडणीवरचे तीन कप पाहिले. सगळ्यांवर तेच निळं फूल. त्या सृष्टीकडं वळल्या. "बाळा, तू दूध कुठं पितेस गं?"

"मोठ्या आईकडं. म्हशीचं." सृष्टीला कुणी विचारायचाच अवकाश होता. "आन भाकर पन. मोठी आई लोनी लावती."

मॅडमनी उसासा टाकला. "इथं विचारलंय, दुसऱ्या भावाच्या घरातून खाणंपिणं येतं का. 'हो' लावलं, की कुटुंब एकत्र."

"भाजीची वाटी समोरच्या बनुबाईकडून बी येती, मॅडम. मंग त्यांना बी आमच्या कार्डात घाला," आरती म्हणाली.

"ते लिहायला यात जागा नाही हो."

"मंग 'नाही' लावा."

"पोरीनं माझ्यासमोर सांगितलंय. उद्या मला कुणी विचारलं तर?"

तरी त्यांनी लगेच काही लावलं नाही. चहा संपवला, अगदी तळापर्यंत. "छान झालाय," म्हणाल्या, आणि काहीतरी चुकल्यासारखं खाली बघत मोबाईलवरच्या 'हो'वर बोट टेकवलं. मग पर्स उचलून, कुणाकडंही न बघता, चपला घालून गेल्या.

"एक दिस, अक्का," आरती म्हणाली. आवाज चढवायचा नाही असं ठरवूनही चढला. "एवढा एक दिस राहावलं न्हाई तुमाला?"

"आवाजच येईना गं." पुष्पावती ताटली पोटाशी धरून उभी होती. "गॅस न्हाई, काई न्हाई. मला वाटलं, तुझ्याकडची साखर संपली. मॅडमसमोर खाली बघावं लागंल तुला."

रागवायलाही जागा ठेवली नव्हती बाईनं.

"मळ्यात नेली असती मी पोरीला," पुष्पावती हळूच म्हणाली. पण मळ्यातल्या विहिरीला कठडा नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. "तुझा निवला बघ. आलं घातलंय, तुला लागतं म्हनून."

ती गेली.

प्यायचा नाही म्हणत आरतीनं तो गार चहा उभ्या उभ्याच पिऊन टाकला. आलं घशाशी झोंबलं. उद्या पहाटे मार्केटला जायचं होतं, आणि पोरीला बसवायला गोण्यांमागची तीच जागा होती.

सृष्टीनं मोरीत बसून दोन्ही कप विसळले. मग टाचा उंचावून मांडणीवरच्या तिघांच्या रांगेत नेऊन ठेवले. फुलं सगळी पुढं येतील असे फिरवले, पुन्हा फिरवले, मागं सरून पाहिलं.

"आई," तिनं विचारलं, "ह्यातले आपले कोन्ते?"